दोन इंच मार्जिन

बाई चार तुकड्यांत येते.
तुर्भे एमआयडीसी, गाळा नंबर सतरा.
मशीन दहा फुटांपलीकडे छापत नाही,
म्हणून आधी कपाळ ते हनुवटी,
मग गळा ते पोट,
मग कंबर, मग पाय.
इर्शाद गुंडाळ्या खांद्यावरून आणून टाकतो,
म्हणतो, भाभी, आज हिचं पोट आधी सुकलंय.

मी जोडते.
गरम हवेची गन, लोखंडी रूळ, दोन इंच मार्जिन.
गळ्यापाशी सांधा दिसता कामा नये,
हे शेठचं पहिलं वाक्य.
कंबरेपाशी तर मुळीच नाही, हे दुसरं.
पायांचं कुणी काही बोलत नाही.

आठ वर्षांत किती जोडल्या.
भांडी घासताना हसणारी,
जिच्या हाती करपलेलं पातेलं कधी लागतच नाही.
नवऱ्याची कॉलर बघून कपाळाला हात लावणारी,
मग हसणारी.
घोडबंदरच्या तेविसाव्या मजल्यावर
रिकामा कप धरून खाडीकडे बघणारी.
एकदा सिमेंट आलं होतं. सिमेंटसुद्धा
ओल्या साडीतल्या बाईशिवाय घट्ट होत नाही म्हणे.
मी शेजारच्या हौसाक्काला सांगितलं,
पंधरा वर्षं घमेली उचलतेय ती स्लॅबवर.
म्हणाली, ओली साडी? पायात येते गं.
पडली असेल ती फोटोनंतर.

कॉम्प्युटरवर निनाद बसतो.
माऊसनं कंबर आत ढकलतो,
परातीतलं पीठ कडेनं गोळा करावं तसं.
परवा घरून फोन आला,
बहीण चौथ्या दिवशीही जेवली नाही.
तो हो हो म्हणाला, फोन खांद्यात दाबून,
आणि कंबर आणखी दोन बोटं आत घेतली.

माझी श्रावस्ती आठवीत आहे.
मैत्रिणीकडून क्रीम मागून आणते,
पत्र्याला टांगलेल्या आरशात गालांना लावते,
पुरवून पुरवून, हनुवटीपर्यंत.
मान तशीच राहते.
तेवढा एक सांधा
मला बुजवता येत नाही.

वाशीच्या टोलनाक्यावर तीन महिने उभी राहून
परवा एक खाली उतरली.
जुनं फ्लेक्स शेठ कामगारांना फुकट देतो.
टेम्पोतून दिघ्याला आणली.
मे महिना, पत्रा तव्यासारखा.
घर दहा बाय बारा, ती वीस बाय चाळीस,
गल्लीतही मावेना. कापायलाच हवी.

सुदाम म्हणाला, तोंडाचा तुकडा घे, घराला शोभा.
मंडळाची पोरं कधीची उभी होती,
त्यातला एक, ज्याला मी लहानपणी
ताप असताना मांडीवर घेतलं होतं,
म्हणाला, काकी, मधली पट्टी आम्हाला द्या.
बाकीचे हसले.
मी कात्री हातात धरून उभी.

श्रावस्ती मात्र तिच्या गालावर
गुडघे टेकून बसली होती, नाक जवळजवळ टेकवून.
आई, ही गोरी नाहीच.
नुसते ठिपके आहेत. लाल, निळे, पिवळे, थोडे काळे.
मग रांगत रांगत खाली गेली,
गळा, पोट, कंबर,
पोरं बाजूला झाली,
घोट्यापाशी थांबली.
इथे काय चिकटलंय?

माझा अंगठा. गन घसरली होती त्या दिवशी.

तिनं माझा हात ओढला,
अंगठा त्या डागावर ठेवून बघितला,
बरोबर बसला.
आईगं, म्हणाली. आणि बराच वेळ सोडला नाही.

मधली पट्टी मी उभी आडवी कापली,
हातरुमालाएवढे तुकडे होईपर्यंत.
पोरं कंटाळून गेली.
तोंड हौसाक्काच्या लाकडांवर गेलं.

आमच्या घरावर पाय आहेत.
दगड ठेवलेत चार कोपऱ्यांना,
वाऱ्यानं मधूनच एक टाच उचलते.
सुदामला सांगितलंय,
उद्या येताना दोरी आण.